गोधडीचे गणित : एका सुताची चूक, चार इंचांची तूट

सरोजिनी नगर (लखनौ) : कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीत प्रत्येक तुकडा अवघा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी भरला तर ३२ तुकड्यांची ओळ चार इंचांनी आखूड होते. मापाबरहुकूम मागणी असलेल्या कामात अशी चूक कारागिराचे कापड आणि मजुरी दोन्ही बुडवू शकते. म्हणूनच साचा आणि कापणी यांना शिलाईइतकेच महत्त्व आहे.

चिकनकारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या लखनौ जिल्ह्याला हे तत्त्व नवे नाही. तेथेही टाका घालण्यापूर्वी लाकडी ठशाने कापडावर नक्षी उमटवली जाते. उत्तर प्रदेश सरकारच्या २०१८ मधील ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत लखनौसाठी चिकनकारी व जरी-जरदोजीची, तर रामपूरसाठी पॅचवर्कची निवड झाली आहे.

महाराष्ट्रातील पारंपरिक गोधडी किंवा वाकळ मात्र नजरेच्या अंदाजाने शिवली जाते. जुन्या लुगड्यांच्या थरांवर तुकडे ठेवून, कडा दुमडून धावदोरा घातला जातो. लहानसहान फरक त्या दुमडीत सामावतो. तुकड्याला तुकडा जोडून ब्लॉक तयार करताना ही सवलत मिळत नाही.

साचा कसा असावा?

हाताने शिवताना साचा तयार मापाचा घेतात. त्याभोवती आखलेली रेघ ही शिवणरेषा असते आणि कापताना तिच्याबाहेर पाव इंच, म्हणजे दोन सूत, मार्जिन सोडतात. यंत्रावरील शिलाईसाठी मार्जिन साच्यातच धरलेली असते. तीन इंचांच्या चौकोनासाठी साडेतीन इंचांचा तुकडा लागतो. तीन इंचांचा चौकोन दोन त्रिकोणांतून साधायचा असल्यास तीन इंच सात सुतांचा चौकोन कर्णावर कापावा लागतो. येथेही अर्धाच इंच वाढवणे ही नेहमीची चूक आहे.

पुठ्ठ्याच्या कडा वारंवार आखणीने झिजतात. त्यामुळे जुन्या एक्स-रे फिल्मचा किंवा जाड प्लॅस्टिकचा साचा अधिक टिकतो. त्याच्या खालच्या बाजूस पॉलिश पेपर चिकटवल्यास तो कापडावरून सरकत नाही.

कापलेले तुकडे वापरताना

शिवणकारखान्यांतील कतरण स्वस्त पडते. मात्र सुती कापड आणि होजियरी एकत्र जोडू नये, कारण दोन्हींचा ताण वेगळा असतो. साच्याची कड कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवावी. उरेब कापलेली कड ताणली जाते. बाजारात तयार कापून मिळणाऱ्या तुकड्यांच्या कडा नागमोडी असतील, तर माप टोकापासून धरावे लागते. असे तुकडे आधी धुतल्यास कडा उसवतात.

पडताळणी

इस्त्री घासत न नेता वरून दाबावी. शेजारच्या ओळींतील शिवणी विरुद्ध दिशांना वळवल्यास कोपरे नेमके जुळतात. साडेतीन इंचांचे चार तुकडे जोडल्यावर ओळ साडेबारा इंच भरली पाहिजे. ती कमी भरल्यास दोष साच्यात, कापणीत की मार्जिनमध्ये आहे, हे पहिल्याच ब्लॉकवर तपासता येते. सर्व कापड कापून झाल्यावर ही संधी उरत नाही.