उसाचे उत्पन्न, घरातला पगार आणि बारा लाखांचा हिशेब



ऊस नोंदणीसाठी शिवारात फिरताना हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात, मग उसाचं उत्पन्न दाखवायचं कशाला?" पुसद, उमरखेड, महागाव भागात घरचा ऊस आणि सोबत मास्तरकीचा किंवा बँकेचा पगार अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिणे.

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. नुसती शेतीच असेल तर उत्पन्न कितीही असो. मात्र ट्रॅक्टरचे भाडे, दूधधंदा, कारखान्याच्या भागावरील लाभांश व ठेवीचे व्याज शेतीत धरत नाहीत. ठेव उसाच्या पैशाची असली तरी नाही!

खरी मेख पुढे आहे. १९७३ च्या वित्त कायद्यापासून, निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून जास्त आणि त्याच माणसाचे इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेहून जास्त असेल, तर कराचा दर ठरवताना दोन्ही एकत्र धरतात. नव्या करपद्धतीत सन २०२५-२६ साठी ही मर्यादा ४ लाख आहे. बारा लाख ही मर्यादा नव्हेच. तिथपर्यंत करात जास्तीत जास्त ६०,००० रुपयांची सूट मिळते, एवढेच.

समजा, वजावटीनंतर पगार १२ लाख आणि उसाचे निव्वळ उत्पन्न ५ लाख. एकूण १७ लाखांवर कर १,४०,००० होतो. त्यातून शेतीचे ५ आणि मर्यादेचे ४ अशा ९ लाखांवरचा कर, म्हणजे ३०,००० वजा करायचा. राहिले १,१०,०००. सूट ६०,००० गेली, तरी ५०,००० व त्यावर ४ टक्के उपकर भरावाच लागतो. शेती नसती तर काहीच नव्हते. पगार ८ लाख आणि ऊस ३ लाख असेल तर मात्र सगळा कर सुटीत जिरतो.

नवरा-बायकोचा हिशेब वेगळा होतो. बाईच्या माहेरची किंवा तिने स्वतः घेतलेली जमीन असेल, तर ते उत्पन्न तिचेच. कर वाचवायला नवऱ्याने सातबारा फुकट तिच्या नावे केला, तर उत्पन्न पुन्हा नवऱ्याच्याच हिशेबात येते.

शेती उत्पन्न ५,००० च्या वर असल्यास विवरणाचा 'सहज' फॉर्म चालत नाही. बेणे, खत, मजुरी वजा करूनच निव्वळ आकडा धरायचा असतो. म्हणून ऊस बिलासोबत या खर्चाच्या पावत्याही जपून ठेवाव्यात.

— ऊस विकास अधिकारी