वाटी बदलायची आहे. मग रविवारची गोळी?

लातूरच्या एका ताईंनी विचारलं आहे, ‘आमवातानं आईचा गुडघा पार गेलाय. वाटी बदलायला नांदेडला नेतोय. सगळे म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं आधीच बंद करा, नाहीतर जखम चिघळेल. करू का?’

ताई, आपल्या मनानं एकही गोळी बंद करू नका. हीच भीती पूर्वी डॉक्टरांनाही वाटायची. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात ती पारखली गेली. मेथोट्रेक्सेट म्हणजे आईच्या पाकिटावर पेनानं ‘रविवार’ लिहिलेली, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. ती चालू ठेवलेल्या ८८ जणांपैकी दोघांनाच जंतुसंसर्ग किंवा गुंतागुंत झाली; थांबवलेल्या ७२ पैकी अकरा जणांना! शिवाय चालू ठेवलेल्यांपैकी एकाचाही आमवात सहा आठवड्यांत उसळला नाही.

स्टिरॉइडची गोष्ट आणखी नाजूक. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते आठवा. बाहेरचं पाणी रोज मिळू लागलं की घरची बोअर बंद पडून राहते, मोटार जाम होते. गोळीतून स्टिरॉइड मिळत राहिलं की ते शरीरातच बनवणाऱ्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीही तशाच सुस्तावतात. शस्त्रक्रियेच्या ताणात शरीराला ते हवंच असतं आणि नेमकं तेव्हाच हे बाहेरचं पाणी थांबलं, तर रक्तदाब कोसळतो. १९५२ साली अशाच एका आमवाताच्या रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाल्याची नोंद आहे.

मग काहीच थांबवायचं नाही? थांबवायचं, पण औषध पाहून. खुबा-गुडघा बदलण्याबाबत २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना सांगतात: मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन चालू ठेवा, स्टिरॉइड रोजच्याच मात्रेत द्या, टोफासिटिनिब तीन दिवस आधी थांबवा. अडालिमुमॅबसारखं पंधरवड्याचं इंजेक्शन असेल, तर पुढचा डोस टाळून शेवटच्या डोसनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया करा. जखम भरली, टाके निघाले की, साधारण दोन आठवड्यांनी, ते पुन्हा सुरू होतं. अंगात जंतुसंसर्ग असेल किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील, तर हिशेब बदलतो. तो डॉक्टरच मांडतील.

म्हणून नांदेडला निघताना पिशवीत एक्स-रेसोबत सगळी पाकिटं ठेवा, रिकामीसुद्धा. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं, ती तारीख कागदावर लिहा. आमवाताचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ, तिघांनाही तो कागद दाखवा.