स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेतील प्रारणोपचार आणि शेजारच्या पेशी

स्तनातील कर्करोगाची गाठ काढल्यानंतर उरलेल्या स्तनास बाहेरून प्रारण देण्याची पद्धत रूढ आहे. त्यासाठी सामान्यतः तीन ते पाच आठवडे जवळजवळ रोज रुग्णालयात जावे लागते. बेलापूरसारख्या गावातील, मजुरीवर जाणाऱ्या स्त्रीला हे कितपत शक्य आहे, हा प्रश्न केवळ वैद्यकीय नाही.

त्याच्या एका उत्तराची पायाभरणी मुंबईत झाली. मूळचे गोव्याचे शल्यविशारद डॉ. जयंत वैद्य व सहकाऱ्यांनी टाटा स्मारक रुग्णालयात काढलेल्या ३० स्तनांचा संपूर्ण सूक्ष्म अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक स्तनांत मुख्य गाठीखेरीज इतर सूक्ष्म केंद्रे आढळली, त्यांतील बहुतेक दूरच्या भागात. रोग मात्र उलटतो तो बहुधा मूळ गाठीच्या जागीच. मग प्रारण त्याच जागी का देऊ नये? २ जुलै १९९८ रोजी लंडनमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळीच, गाठीच्या पोकळीत गोलाकार साधन ठेवून, असा उपचार प्रथम करण्यात आला. यात पृष्ठभागावर सुमारे २० ग्रे मात्रा पडते. एक सेंटिमीटर खोलीवर ती ५ ते ७ ग्रे उरते.

त्यापलीकडील पेशींचे काय? नागासावा व लिटल यांनी १९९२ मध्ये अल्फा कणांचा प्रयोग केला. एक टक्क्याहून कमी पेशीकेंद्रकांतून कण गेले असताना सुमारे ३० टक्के पेशींच्या गुणसूत्रांत बदल दिसले. आघात झालेली पेशी शेजारणीला रासायनिक संदेश पाठवते. यास ‘बायस्टँडर परिणाम’ म्हणतात. स्तनाच्या जखमेत हा संदेश पाझरणाऱ्या द्रवातून जातो. हा द्रव एरवी कर्करोगपेशींच्या वाढीस व स्थलांतरास चालना देतो, म्हणजे जखम भरून काढणारी यंत्रणाच उरलेल्या रोगाला खतपाणी घालते! इटलीतील आव्हियानो येथील संशोधकांना २००८ मध्ये असे आढळले की, शस्त्रक्रियेतच प्रारण दिलेल्या स्त्रियांच्या द्रवात ही चालना जवळजवळ नाहीशी झालेली असते. पुढे पोलंडमधील पोझनान येथील प्रयोगांत अशा द्रवात ठेवलेल्या, स्वतः प्रारण न मिळालेल्या कर्करोगपेशींतही डीएनए तुटल्याच्या खुणा दिसल्या.

हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील पेशींवरचे आहेत, हे विसरता कामा नये. २,२९८ स्त्रियांच्या ‘टार्गिट-ए’ चाचणीत (२०२०) पाच वर्षांत स्थानिक पुनरुद्भव या पद्धतीत २.११ टक्के, तर बाह्य उपचारात ०.९५ टक्के होता. शिवाय धोका अधिक आढळलेल्या स्त्रियांना बाह्य प्रारणही देण्यात आले होते. जखम नंतर पुन्हा उघडून प्रारण दिलेल्या वेगळ्या गटात मात्र पुनरुद्भव ३.९६ टक्क्यांवर गेला. तोपर्यंत द्रवाचे काम होऊन गेलेले असते, असे त्याचे एक स्पष्टीकरण सुचते; ते अद्याप सिद्ध झालेले नाही.