अजिंक्यपदाचा हिशेब

१९५२ च्या जुलै महिन्यात फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर गावच्या एका मल्लाने ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २३ सप्टेंबर रोजी, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जोड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या एका इटालियन कामगाराच्या मुलाने तेराव्या फेरीत प्रतिस्पर्ध्याला आडवे करून मुष्टियुद्धाचे जागतिक अजिंक्यपद पटकाविले. पहिल्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव आणि दुसऱ्याचे रॉकी मार्सियानो. दोघांची कधी गाठ पडली नाही, आणि पडण्याचे कारणही नव्हते. तथापि ही दोन चरित्रे शेजारी ठेवून वाचली असता, माणसाच्या अंगातील बळाची किंमत समाज कशी ठरवितो आणि ती कोणाच्या पदरात पडते, या प्रश्नाचा बराच उलगडा होतो.

मराठी भाषेने या बाबतीत एक गंमत करून ठेवली आहे. इंग्रजीत ज्याला नुसते विजेता म्हणतात, त्याला आपण सर्रास ‘अजिंक्यवीर’ म्हणतो. मग तो पुढल्याच वर्षी चीतपट का होईना! या शब्दाला अक्षरशः जागलेली माणसे फार थोडी. मार्सियानो हा त्या थोड्यांपैकी एक होता. व्यावसायिक मुष्टियोद्धा म्हणून तो ४९ लढती खेळला आणि ४९ ही जिंकला. त्यांपैकी ४३ लढतींत प्रतिस्पर्ध्याला पुढे खेळणे अशक्य झाले. विश्वविजेतेपद मिळाल्यावर त्याने सहा वेळा ते राखले आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. हेवीवेट गटाच्या मानाने तो बुटका होता, त्याच्या हातांची लांबीही कमी होती, आणि शैलीच्या दृष्टीने जाणकारांनी त्याला कधी डोक्यावर घेतले नाही. परंतु अंगात दम अफाट आणि उजव्या हातात विलक्षण ताकद. या भांडवलावर त्याने इतिहास घडविला.

निष्कलंक आकड्यामागे

‘४९ पैकी ४९’ हा आकडा मोहक खरा. परंतु मुष्टियुद्धाच्या धंद्यात असा आकडा केवळ मनगटाच्या जोरावर तयार होत नाही. कोणाशी लढावयाचे, केव्हा लढावयाचे आणि कोठे लढावयाचे, हे व्यवस्थापक ठरवितो. उगवत्या खेळाडूसमोर प्रथम हरू शकतील असे प्रतिस्पर्धी उभे करावयाचे, त्याचा आकडा वाढवावयाचा आणि मग तो आकडा तिकीटविक्रीसाठी बाजारात मांडावयाचा, ही त्या धंद्याची जुनी रीत आहे. मार्सियानोचा व्यवस्थापक अल वाइल हा या कलेत निष्णात होता आणि त्या बदल्यात तो मार्सियानोच्या मिळकतीचा निम्मा वाटा घेत असे. ठोसे एकाने खावयाचे आणि मिळकत दोघांनी अर्धी अर्धी वाटून घ्यावयाची, असा हा करार! आपल्याकडील खंडकरी कुळाला हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच्याही वर आणखी एक मालक होता. त्या काळात अमेरिकेतील अजिंक्यपदाच्या जवळजवळ सर्व मोठ्या लढती इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब या एकाच संस्थेच्या मुठीत होत्या. मैदाने तिची, दूरचित्रवाणीचे करार तिचे आणि खेळाडूही तिच्याशी बांधलेले. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिक मुष्टियुद्ध हा व्यापारच असून त्याला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होतो असा निर्णय दिला, आणि १९५९ मध्ये ही मक्तेदारी मोडून काढणारा आदेश कायम केला. मार्सियानो तोवर निवृत्त झाला होता. ज्या बाजाराने त्याला श्रीमंत केले, तो बाजार खुला नव्हताच, हे न्यायालयाने सांगेपर्यंत त्याची कारकीर्द संपून गेली होती.

शिवाय अजिंक्यपदाची किंमत दुसऱ्यांनाही मोजावी लागते. १९४९ च्या डिसेंबरअखेरीस न्यूयॉर्क येथे मार्सियानोशी लढताना कार्माइन व्हिंगो हा तरुण असा कोसळला, की तो कित्येक दिवस मृत्यूच्या दारात होता. तो वाचला, पण पुन्हा कधी लढू शकला नाही. १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये मार्सियानोने ज्या जो लुईला आठव्या फेरीत पाडले, तो लुई सदतिशीचा झाला होता आणि अंगात पूर्वीची चपळाई उरलेली नसताना केवळ सरकारी कराच्या डोंगराएवढ्या थकबाकीपायी रिंगणात उतरला होता. एका पिढीचे दैवत कर्जफेडीसाठी मार खात आहे, हे दृश्य त्या रात्री प्रेक्षकांनी पाहिले. विजयी मार्सियानोलाही त्याचे दुःख झाले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ४९ या आकड्यात व्हिंगो आणि लुई हे दोघेही केवळ एकेक अंक होऊन बसले आहेत.

पुढे २०१७ मध्ये फ्लॉइड मेवेदर याने पन्नासावा विजय मिळवून हा आकडा ओलांडला. पण त्या पन्नासाव्या लढतीतील प्रतिस्पर्धी कॉनर मॅग्रेगर हा व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या रिंगणात त्या दिवशी पहिल्यांदाच उतरत होता! निष्कलंक कारकीर्द हा विकाऊ माल झाला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची निवडही मालाच्या हिशेबानेच होते.

राजाश्रय गेला, बाजार आला नाही

आता हेलसिंकीकडे वळू. खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. कऱ्हाडला टिळक हायस्कूल आणि पुढे कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय असे त्यांचे शिक्षण झाले. कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, मल्लांचा खुराक चालविला, आणि खासबागेचे प्रशस्त मैदान बांधून कुस्तीला हक्काचे घर दिले. दूध, तूप, बदाम यांचा रोजचा खुराक शेतकरी कुटुंबाला परवडणारा नसतो. पहिलवान घडविणे ही दहा वर्षांची गुंतवणूक असते आणि तिच्या परताव्याची कसलीही शाश्वती नसते. अशी जोखीम त्या काळी एकटा राजाच घेऊ शके.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांनी केलेल्या अर्थसाह्यामुळेच. लाल मातीत वाढलेल्या या तरुणाला तेथील मॅटची सवय नव्हती, नियम नवे होते. तरीही त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला. परत आले ते चार वर्षांनंतरचे ऑलिंपिक मनात धरूनच.

परंतु या चार वर्षांत एक मोठी घटना घडली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते इष्ट आणि अपरिहार्यच होते. मात्र संस्थानाबरोबर त्याने उचललेली अनेक लहानमोठी ओझीही खाली पडली आणि ती नेमकी कोणी उचलावयाची, हे कोणीच ठरविले नव्हते. राजा गेला होता, नव्या राज्ययंत्रणेला क्रीडाधोरण नव्हते आणि अमेरिकेतल्यासारखा खेळाचा बाजार तर येथे नावालाही नव्हता. या पोकळीत खाशाबांची दुसरी ऑलिंपिकवारी सापडली. ज्या महाविद्यालयात ते शिकले, तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकामागचे भांडवल हे असे एका शिक्षकाचे घर आणि गावकऱ्यांच्या पदरचे पैसे यांतून जमले होते.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरविले. जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा ममेदबेयोव्ह यांच्याकडून ते पराभूत झाले. त्यांनाच अनुक्रमे सुवर्ण व रौप्य मिळाले. इशीशी झालेल्या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर खाशाबांना नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती मिळाली नाही आणि त्याविरुद्ध हरकत घेण्यास भारतीय पथकाचा एकही अधिकारी आखाड्याजवळ हजर नव्हता, अशी हकीकत सांगितली जाते. मार्सियानोच्या कोपऱ्यात निम्मा वाटा घेणारा का होईना, पण डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस होता. खाशाबांच्या कोपऱ्यात कोणीच नव्हते.

पदकानंतरचा हिशेब

खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर या पदकविजेत्याने केलेले एक महत्त्वाचे काम म्हणजे कुस्त्यांचे फड भरवून, स्वतः त्यांत उतरून पैसा जमविणे आणि प्राचार्यांचे कर्ज फेडणे. कोणत्याही क्रीडाइतिहासात अभिमानाने नोंदवावी अशी ही गोष्ट आहे. परंतु ती त्या काळच्या शासनाने आणि क्रीडासंघटनांनी मान खाली घालून वाचावी अशीही आहे. १९५५ मध्ये खाशाबा पोलिस खात्यात उपनिरीक्षक झाले. सुमारे सत्तावीस वर्षे नोकरी करून ते साहाय्यक आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि नंतर निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्राचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही मृत्यूनंतर आले. अर्जुन पुरस्काराला तर त्यानंतरही सोळा-सतरा वर्षे लागली. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन राज्य क्रीडा दिन ठरविण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला.

मार्सियानोचा शेवटही अपघातीच. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, सेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लहान विमान कोसळून तो गेला. गरिबीच्या धास्तीने त्याने आयुष्यभर बँकांवर अविश्वास दाखविला. रोकड ठिकठिकाणी दडवून ठेवली आणि त्यातील पुष्कळशी कुटुंबीयांना कधी सापडलीच नाही. म्हणजे बाजाराने त्याला संपत्ती दिली, परंतु निर्धास्तपणा दिला नाही. खाशाबांना खात्याने नोकरी दिली, परंतु कर्तृत्वाचे मोल दिले नाही. दोन्ही व्यवस्थांत जोखीम मात्र खेळाडूच्याच माथी राहिली.

बाजाराला सरसकट दोष देणे सोपे आहे. परंतु ते योग्य नव्हे. जोड्यांच्या कारखान्यातील कामगाराच्या मुलाला बाजाराने वर आणले, हे नाकारता येत नाही. राजाश्रयाचे गोडवे गाणेही तितकेच सोपे; पण तो राजाच्या मर्जीवर आणि आयुष्यावर अवलंबून असतो. म्हणून दोहोंच्या पलीकडची, नियमाने बांधलेली आणि हक्काने मागता येईल अशी व्यवस्था लोकशाही राज्यानेच उभी करावयास हवी.

बक्षीस की गुंतवणूक?

महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास बहात्तर वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिस येथे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. पदकानंतर राज्य सरकारने त्याला एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. खाशाबांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेच्या तुलनेत हा बदल निश्चित स्वागतार्ह आहे. परंतु पदकानंतर दिलेला पैसा हे बक्षीस असते आणि पदकापूर्वी दिलेला पैसा ही गुंतवणूक असते, हा भेद विसरून चालणार नाही. बक्षीस जिंकलेल्या एकाला मिळते. गुंतवणूक मात्र न जिंकलेल्या नव्व्याण्णवांवरही करावी लागते, कारण शंभरावा कोण हे आधी कोणालाच ठाऊक नसते.

रत्नागिरी जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. येथे वाडीवाडीवर कबड्डीचे मंडळ असते आणि त्याचा गणवेश, प्रवास व स्पर्धेची बक्षिसे यांचा भार बव्हंशी गावची वर्गणी आणि मुंबईतील चाकरमानी उचलतात. गिरणगावात ज्यांनी घाम गाळला त्यांच्याच पैशावर गावाकडचे मैदान जिवंत राहिले. २०१४ पासून प्रो कबड्डी लीगमुळे या खेळालाही बाजार लाभला आणि निवडक खेळाडूंवर मोठ्या रकमांची बोली लागू लागली. ते चांगलेच झाले. परंतु बोली लागते ती तयार खेळाडूवर. तो तयार होईपर्यंतचा खर्च आजही घर आणि गावच सोसते. गुडघा दुखावून पंचविशीत घरी बसलेल्या मुलाची तर कोणत्याच ताळेबंदात नोंद नसते.

करावयाच्या गोष्टी काही अशक्य कोटीतील नाहीत. तालुका पातळीवर खेळणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा दुखापतीचा विमा असावा. होतकरू खेळाडूंना खुराक व प्रवास यांसाठी दरमहा ठराविक रक्कम वेळेवर मिळावी. खेळामुळे शिक्षण मागे पडलेल्यांना परीक्षेची दुसरी संधी नियमानेच असावी, त्यासाठी कोणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत. आणि स्पर्धेला जाणाऱ्या पथकाबरोबर खेळाचे नियम जाणणारा, वेळप्रसंगी हरकत घेणारा माणूस असावा. केवळ पर्यटनाची हौस असणारा नको.

मार्सियानोच्या नावापुढे एकही पराभव नाही. खाशाबांच्या नावापुढे पराभव आहेत, आणि ते कोणी लपविलेही नाहीत. परंतु कोणत्याही व्यवस्थापकाने निवडून न दिलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी, दुसऱ्याच्या गहाण घराचे ओझे डोक्यावर घेऊन ते लढले, आणि परत येऊन त्यांनी ते घर सोडवून दिले. खेळाडूची परीक्षा आखाड्यात होते. त्याला तेथपर्यंत पोहोचविणाऱ्या समाजाची परीक्षा मात्र तो आखाड्यात उतरण्यापूर्वी आणि तेथून बाहेर पडल्यानंतर होत असते. १९५२ साली त्या परीक्षेत एक प्राचार्य आणि एक गाव उत्तीर्ण झाले. राज्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.