आव थांबली, पण अमीबा गेला का?

धानाच्या रोवणीचे दिवस होते. वैनगंगेकाठच्या गावातला एक धडधाकट शेतकरी उजवी कूस धरून दवाखान्यात आला. आठ दिवसांपासून थंडी वाजून ताप येई, उजवा खांदाही ठणके. पऱ्ह्यांचे ओझे वाहून खांदा भरला, असे घरच्यांचे मत. आव पडते का, विचारले तर नाही म्हणाला. खोदून विचारल्यावर आठवले. दोन महिन्यांपूर्वी लग्नसराईत रक्ती आव पडली होती. दोन दिवस गोळ्या खाल्ल्या, थांबली. सोनोग्राफीत यकृतात मोठे गळू निघाले.

हे काम एन्टअमीबा हिस्टोलिटिका या एकपेशीय जीवाचे. १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या डॉ. लोश यांनी तो रोग्याच्या मळात प्रथम पाहिला. कवचात गुंडाळलेला अमीबा दूषित पाणी, कच्ची भाजी, न धुतलेले हात यांवाटे पोटात जातो. जठरातले आम्ल त्या कवचाचे काही बिघडवीत नाही. लहान आतड्यात कवच फुटते आणि अमीबा मोठ्या आतड्यात मुक्काम करतो. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, मात्र त्यांच्या मळातून कवचे बाहेर पडत राहतात. काहींच्या आतड्याचे तो चक्क लचके तोडतो. जिवंत पेशींचे तुकडे गिळताना संशोधकांनी त्याला २०१४ मध्ये टिपले आहे. त्या जखमांतून रक्त आणि शेम येतो. रक्तवाहिनीत शिरला की थेट यकृत गाठतो. हे गळू पुरुषांत कितीतरी जास्त, त्यातही दारू पिणाऱ्यांत. मोहाची दारू औषधी असते म्हणणाऱ्यांनीही हे ऐकावे.

नळाच्या पाण्यात नेहमी असते तेवढ्या क्लोरीनने कवचे मरत नाहीत. १९३३ मध्ये शिकागोच्या बड्या हॉटेलांत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि अनेक पाहुणे दगावले. पाणी उकळलेलेच बरे.

मेट्रोनिडॅझोलने आतड्याच्या भिंतीतला आणि यकृतातला अमीबा मरतो, आतड्याच्या पोकळीतली कवचे उरतात. त्यासाठी नंतर डायलोक्झानाइडसारखे दुसरे औषध लागते, साधारण दहा दिवस. लोक नेमके हेच सोडतात.

आमच्या रोग्याला नागपूरला पाठवले. सुईने चॉकलेटी पू काढला, ताप उतरला. परत आल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "ताप तं गेला डाक्टरसाहेब, आता ह्या गोळ्या कायले?" मी म्हटले, दहा दिवसांनी रिकामी पट्टी दाखवायला ये. अकराव्या दिवशी त्याची बायको पट्टी घेऊन आली, आणि स्वतःच्या मळाच्या तपासणीची चिठ्ठी मागून घेऊन गेली.