‘ॲसिड’चा तो वळवळता बेस येतो कुठून?

हाऊस संगीताचा ट्रॅक चालू असताना बेस मध्येच वळवळत, चिरकत वर चढतो ना? तो बहुतेकदा रोलँड टीबी-३०३चा, नाहीतर त्याच्या नकलेचा आवाज.

जपानच्या रोलँडने हे यंत्र १९८१मध्ये काढलं, ते गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून. पण आवाज काही बेस गिटारसारखा येईना, त्यात प्रोग्रॅमिंग किचकट. १९८४मध्ये उत्पादन बंद पडलं आणि यंत्रं सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळू लागली.

शिकागोच्या ‘फ्युचर’ या त्रिकुटाने ३०३वर पॅटर्न चालू ठेवून फिल्टरच्या कटऑफ आणि रेझोनन्सची बटणं फिरवली. त्यातून १९८७मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ आला आणि ॲसिड हाऊसला नाव मिळालं.

गंमत म्हणजे आपल्या मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी १९८२मध्येच ३०३, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन भैरवी, यमन, मालकंस डिस्को ठेक्यावर बसवले होते. तेव्हा रेकॉर्ड फारशी चालली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगाने कान टवकारले.

करून बघायचंय?
• टेम्पो १२५च्या आसपास, किक चारही ठोक्यांवर.
• सॉटूथ वेव्ह, १६ स्टेप्स. दोन-तीन स्वर पुरेत.
• काही स्टेप्सना ॲक्सेंट, काहींना स्लाइड.
• रेझोनन्स चढा ठेवा आणि कटऑफ आठ बारमध्ये हळूहळू उघडा.

कटऑफ माऊसने आखण्यापेक्षा हाताने फिरवून रेकॉर्ड करा. ट्रॅकमध्ये जीव त्यानेच येतो.