खलिफा, सुलतान आणि उलेमा : इस्लाममधील धर्म आणि राजसत्ता

इस्लाममध्ये धर्म आणि राजकारण वेगळे करताच येत नाहीत, असे त्याचे कट्टर पुरस्कर्ते आणि कडवे टीकाकार सारख्याच ठामपणे सांगतात. परंतु चौदाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर बहुतेक काळ राज्य करणारे आणि धर्मशास्त्राचा अर्थ लावणारे हे दोन निराळे वर्ग होते आणि त्यांच्या संपूर्ण एकरूपतेचा आग्रह प्रामुख्याने विसाव्या शतकात रुजला, असे दिसून येते.

या समजुतीला आधार आहे तो मदिनेचा. इ. स. ६२२ मध्ये मक्केहून मदिनेला स्थलांतर केल्यावर प्रेषित मुहंमद हे उपासकांचे मार्गदर्शक तर होतेच, पण न्यायनिवाडा करणारे, तह करणारे आणि सैन्याचे नेतृत्व करणारे प्रमुखही होते. मात्र ६३२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा पुढचा प्रमुख कसा निवडावा याची निश्चित पद्धत कुराणात नव्हती. त्यात होते ते ‘शूरा’चे, म्हणजे परस्पर सल्लामसलतीचे, सर्वसाधारण तत्त्व. अबू बक्र यांना खलिफा, म्हणजे प्रेषितांचे उत्तराधिकारी, म्हणून मान्यता मिळाली. परंतु हा अधिकार प्रेषितांचे जावई अली यांचाच होता, असे मानणाऱ्यांतून पुढे शिया पंथ आकाराला आला. मुस्लिम समाजातील सर्वांत मोठी फूट अशा रीतीने सत्तेच्या वारशावरून पडली. पहिल्या चार खलिफांपैकी तिघांचे खून झाले आणि ६६१ मध्ये मुआविया यांनी दमास्कसला आपली सत्ता स्थापन केल्यावर खिलाफत वंशपरंपरागत राजेशाही बनली.

धर्माचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार खलिफाचा की विद्वानांचा, हा प्रश्न नवव्या शतकात बगदादमध्ये धसास लागला. कुराण हे ईश्वराने निर्माण केलेले आहे, अनादी नव्हे, हे मत मान्य करण्याची सक्ती पुढे सत्तेवर आलेल्या अब्बासी घराण्यातील खलिफा अल मामून याने ८३३ मध्ये न्यायाधीशांवर आणि विद्वानांवर केली. अहमद इब्न हंबल यांनी ते मानण्यास नकार दिला. त्यांना तुरुंगवास आणि पुढच्या खलिफाच्या काळात चाबकाचे फटके सोसावे लागले. काही वर्षांनी सक्ती मागे घ्यावी लागली, आणि श्रद्धेची व्याख्या दरबारात ठरत नाही, ती उलेमा, म्हणजे धर्मशास्त्राचे विद्वान, ठरवतात, ही भूमिका सुन्नी जगात दृढ झाली.

कायद्याच्या क्षेत्रातही हेच घडले. शरियत हा ईश्वरी मार्ग मानला गेला, तर त्यातून मानवी बुद्धीने काढलेल्या नियमांना ‘फिक्ह’ म्हटले गेले, आणि हे फिक्ह राजांनी नव्हे तर विद्वानांनी रचले; म्हणूनच हनफी, मालिकी, शाफी आणि हंबली हे चारही सुन्नी संप्रदाय विद्वानांच्या नावांनी ओळखले जातात. काझीची नेमणूक राज्यकर्ता करी. परंतु मदरशांचा खर्च बऱ्याच अंशी वक्फच्या, म्हणजे धर्मादाय म्हणून कायमच्या राखून ठेवलेल्या मालमत्तेच्या, उत्पन्नातून भागत असल्यामुळे विद्वानांना दरबारापासून काहीसे स्वातंत्र्य लाभे.

दरम्यान खलिफाच्या हातून प्रत्यक्ष सत्ताही निसटली. ९४५ मध्ये शिया बुवैही सरदारांनी बगदाद ताब्यात घेतले, तरी सुन्नी खलिफाला गादीवर राहू दिले; पुढे सत्ता सेल्जुक सुलतानांकडे गेली. अकराव्या शतकातील विधिज्ञ अल मावर्दी यांनी बळाने सत्ता घेणाऱ्यालाही, त्याने खलिफाचे नाममात्र श्रेष्ठत्व आणि शरियतचे पालन मान्य केल्यास, वैध ठरविण्याची वाट काढली. दिल्लीच्या सुलतानशाहीत याच तडजोडीची दोन रूपे दिसतात : मुहंमद तुघलकाने तोवर कैरोत गेलेल्या नामधारी खिलाफतीची मान्यता मिळवून नाण्यांवर खलिफाचे नाव घातले, उलट अलाउद्दीन खिलजीने काझी मुघीसुद्दीनला, शरियतला काय मंजूर आहे हे आपण जाणत नाही, राज्याच्या हिताचे वाटते तो हुकूम देतो, असे सांगितल्याची नोंद झियाउद्दीन बरनीने केली आहे. उस्मानी तुर्की साम्राज्यातही शरियतच्या जोडीला सुलतानाचे ‘कानून’ होते, आणि तेथे उलेमांना राज्याच्या सेवेत बांधून घेण्यात आल्याने विद्वानांचे स्वातंत्र्य बरेच आक्रसले.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय वर्चस्व आणि आधुनिक प्रशासन आल्यावर ही घडी विस्कटली. ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानने उस्मानी घराण्याकडे आलेली खिलाफत रद्द केली. पुढच्याच वर्षी इजिप्तमधील अली अब्दुर्राझिक यांनी, प्रेषितांचे कार्य आध्यात्मिक होते आणि इस्लामने कोणतीही विशिष्ट राज्यपद्धती लादलेली नाही, असे प्रतिपादन केले. कैरोतील अल अझहर या धार्मिक विद्यापीठाच्या ज्येष्ठ विद्वानांनी त्यांना उलेमांच्या श्रेणीतून काढून टाकले. १९२८ मध्ये हसन अल बन्ना यांनी मुस्लिम ब्रदरहूड स्थापन केली, तर १९४१ मध्ये लाहोरला जमाते इस्लामी स्थापन करणारे, औरंगाबादेत जन्मलेले अबुल आला मौदुदी यांनी सार्वभौमत्व केवळ ईश्वराचे असून त्याचा कायदा राबविणारे राज्य उभारणे हे मुसलमानांचे कर्तव्य आहे, असे मांडले. बन्ना शिक्षक होते आणि मौदुदी पत्रकार. जुन्या विद्वानांऐवजी आता आधुनिक संघटना आणि राज्ययंत्रणा धर्माचे वाहन ठरणार होत्या.

इराणमध्ये ही कल्पना टोकाला गेली. शिया परंपरेत अलींपासूनच्या मालिकेतील बारावा इमाम, म्हणजे ईश्वरनियुक्त नेता, अदृश्य असेपर्यंत पूर्णतः न्याय्य सत्ता संभवत नाही, या धारणेमुळे अनेक धर्मपंडित प्रत्यक्ष सत्तेपासून दूर राहत. इराणी धर्मपंडित खोमेनी यांनी मात्र ‘विलायते फकीह’, म्हणजे धर्मशास्त्रज्ञाचे पालकत्व, हा सिद्धांत मांडला आणि १९७९ च्या घटनेत तो समाविष्ट झाला. जानेवारी १९८८ मध्ये त्यांनी त्याची पुढची पायरीही स्पष्ट केली : राज्याचे हित हे नमाज, रोजे आणि हज यांहूनही अग्रक्रमाचे असून गरज पडल्यास राज्य हज यात्राही स्थगित करू शकते. खिलाफत रद्द करतानाच मशिदी आणि तेथे नमाज पढविणारे इमाम सरकारी खात्याच्या ताब्यात देणारे मुस्तफा केमाल यांचे तुर्कस्तान हे इराणच्या अगदी उलट टोक मानले जाते. तरीही धर्माच्या सार्वजनिक रूपावर अखेरचा शब्द राज्याचा, या एका बाबतीत दोन्ही देश एकत्र येतात. इब्न हंबल यांनी खलिफाला नाकारलेला अधिकार आधुनिक राज्याने या दोन्ही मार्गांनी मिळविला, आणि म्हणूनच मुस्लिम देशांतील राजकारण समजून घेताना धर्म राज्यावर किती प्रभाव टाकतो याबरोबरच राज्याने धर्म किती ताब्यात घेतला आहे, हेही तपासावे लागते.